चोर सापडल्यानंतरची पानं

गेल्या दिवाळीत या सदरात मी चार कादंबऱ्या सुचवल्या होत्या. चारही उत्तम, चारही चारशे पानांच्या पुढच्या. मग वर्षभर भेटेल त्याला विचारत राहिले, "वाचलंत का?" लोक पावसावर बोलायला लागायचे. शेवटी गणपतीत, आरतीनंतर पानं वाढताना, एका मैत्रिणीने खरं काय ते सांगून टाकलं. "पुस्तकं चांगलीच आहेत गं. पण मुलांची निजानीज, उद्याचे डबे, ओटा पुसून होईस्तोवर दहा वाजतात. तिसऱ्या पानावर माझी मान पडते. मला जागं ठेवेल असं काहीतरी सांग ना." तिचे सासरे शेजारीच बसले होते. त्यांनी लगेच री ओढली, "मलाही सांग. नव्वद दिवसांचा व्हिसा, त्यातले चाळीस पावसात गेले."

म्हणून यंदाचं सदर झोप उडवणाऱ्या कादंबऱ्यांचं. आणि ते कसं लिहायचं हे मला काकांनीच सुचवलं, त्यांच्या नकळत.

काका सांगलीचे, बँकेतून निवृत्त झालेले. तरुणपणी गुरुनाथ नाईकांच्या रहस्यकथांवर पोसलेला हा वाचक. 'कॅप्टन दीप' एवढं म्हटलं तरी अजून डोळे चमकतात. त्यांच्याआधीच्या पिढीत बाबुराव अर्नाळकरांचे 'झुंझार' आणि 'काळा पहाड' होते. या दोघांनीही हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. मी मराठीत एम.ए. केलं तेव्हा त्या हजारांतल्या एकाचंही नाव वर्गात निघालं नाही. आम्हीही काढलं नाही. माझे वडील एस.टी. स्टँडवरून तसलं पुस्तक आणायचे आणि मी घरात असले की ते वर्तमानपत्राखाली सरकवायचे. मुलगी साहित्य शिकते आहे ना! पुढे शाळेत शिकवायला लागले तेव्हा नववीतल्या एका मुलाच्या बाकाखालून मी नारायण धारपांचं पुस्तक जप्त केलं. घरी नेलं, रात्री दीडपर्यंत वाचलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्याला परत केलं. तो म्हणाला, "बाई, शेवट वाचलात का?" मी कडक चेहरा करून नाही म्हटलं. हे खोटं बोलल्याची रुखरुख मला अजून आहे.

तर काका. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला तसं मी त्यांना आमच्या गावातून फिरवून आणलं. न्यूनेनमध्ये राहणाऱ्याला पाहुणा आला की व्हॅन गॉगची फेरी घडवावीच लागते. (इथे 'फान खोख' म्हणायचं. गॉग म्हटलं की गावकऱ्यांना वाटतं आपण दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतोय.) डिसेंबर १८८३ ते नोव्हेंबर १८८५ तो इथे होता. वडील इथल्या प्रोटेस्टंट चर्चचे धर्मगुरू. ते राहायचे ते घर अजून उभं आहे, ते छोटं आठकोनी चर्चही आहे. 'बटाटे खाणारी माणसं' हे चित्र त्याने १८८५ मध्ये इथेच काढलं. हे सगळं मला तोंडपाठ आहे. काका नम्रपणे मान हलवत होते. मग त्या घरासमोर उभं राहून मी म्हटलं, "काका, या घरामागच्या बागेचं चित्र चोरीला गेलं होतं." त्याबरोबर ते थांबलेच.

३० मार्च २०२०. म्हणजे व्हॅन गॉगचा वाढदिवस, आणि कोविडमुळे सगळी संग्रहालयं बंद. हे १८८४ मधलं बागेचं चित्र खरं तर ग्रोनिंगनच्या संग्रहालयाचं, पण लारेन गावातल्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आलेलं. पहाटे सव्वातीनच्या सुमारास एका माणसाने मोठ्या हातोड्याने काचेचं दार फोडलं आणि चित्र काखेत मारून तो चालता झाला. कॅमेऱ्यात सगळं दिसलं.

"मग? सापडला का चोर?"

"सापडला. २०२१ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षाही झाली."

"हां." काकांनी पुढे पाऊल टाकलं. मग पुन्हा थांबले. "आणि चित्र?"

चित्र नाही. चित्र सप्टेंबर २०२३ मध्ये मिळालं. हरवलेली चित्रं शोधणारा आर्थर ब्रांड नावाचा प्रसिद्ध डच माणूस आहे. त्याच्या दारात ते कोणीतरी आणून दिलं, आयकियाच्या निळ्या पिशवीत. तीच पिशवी, जिच्यात आपण सगळे घर बदलताना गोधड्या भरतो. समोरच्या चर्चच्या चित्राचीही तीच कथा. अॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयातून ते २००२ मध्ये गेलं. दोन चोरांना २००४ मध्ये शिक्षा झाली. चित्र मिळालं २०१६ मध्ये, इटलीत नेपल्सजवळ.

काका बराच वेळ त्या घराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे चोर कोण ते कळलं, तरी गोष्ट मधेच लटकलेली. साडेतीन वर्षं ती बाग कोणाच्या माळ्यावर होती गं?"

त्या रात्री मी माझ्या कपाटासमोर उभी राहिले आणि लक्षात आलं, की मला खरोखर जागं ठेवलेल्या कादंबऱ्या या अशाच आहेत. गुन्हा कोणी केला हे त्यांत लवकर कळतं. कधीकधी पहिल्याच प्रकरणात. तरीही पुस्तक खाली ठेवता येत नाही, कारण आपल्याला आता दुसरंच काहीतरी कळून घ्यायचं असतं. चोर शेवटच्या पानावर सापडतो ती पुस्तकं मी आवडीने वाचते, पण ती एकदाच वाचून होतात. पुढची पुस्तकं मी दोनदा वाचली आहेत.

दहा वाजता मान पडणाऱ्या मैत्रिणीसाठी पहिलं पुस्तक: केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. मूळ जपानी २००५ चं, इंग्रजीत सहज मिळतं. एक बाई, तिची शाळकरी मुलगी आणि छळायला आलेला तिचा घटस्फोटित नवरा. खून कोणी, कोणाचा, कसा केला हे सुरुवातीच्या पानांतच आपल्या डोळ्यांसमोर घडतं. शेजारच्या घरात एक अबोल गणिताचे मास्तर राहतात. ते दारावर टकटक करतात आणि म्हणतात, मी मदत करतो. पुढची सगळी कादंबरी म्हणजे त्या मास्तरांनी पोलिसांसाठी तयार केलेलं गणित आहे. ते सोडवायला येतो त्यांचाच कॉलेजातला मित्र, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. आपल्याला उत्तर माहीत आहे, असं आपण धरून चालतो, आणि तिथेच फसतो. यावरचा 'जाने जान' हा हिंदी सिनेमा २०२३ मध्ये आला. तो पाहिला असेल तरी पुस्तक वाचा. सिनेमात करीना कपूर दिसते, पुस्तकात मास्तर दिसतात. वर्गात कोणीही लक्ष देत नाही अशा विषयावर जीव असलेला शिक्षक मी फार जवळून पाहिला आहे, त्यामुळे असेल, पण शेवटाला माझा गळा दाटून आला. रहस्यकथा वाचून रडायला येणं हे मला तरी नवीन होतं.

काकांना मी दिलं ते हॅरी मुलिश यांचं 'दे आनस्लाख', म्हणजे 'हल्ला'. १९८२ ची कादंबरी. इंग्रजीत 'द असॉल्ट'. तिच्यावरच्या सिनेमाला ऑस्करही मिळालं होतं. आपली मुलं इथल्या माध्यमिक शाळेत गेली की वाचायच्या पुस्तकांच्या यादीत हे नाव हमखास येतं, तेव्हा आईबापांनी आधीच वाचून ठेवलेलं बरं.

जानेवारी १९४५. आमचं न्यूनेन सप्टेंबर १९४४ मध्येच मुक्त झालं होतं, आइंटहोवनमध्ये दर वर्षी १८ सप्टेंबरला दिवे लागतात ते त्याच आठवणीचे. पण नद्यांच्या वरच्या बाजूला, हार्लेममध्ये, जर्मन अजून होते आणि लोक उपाशी होते. तिथे एका रस्त्यावर ओळीने चार घरं. संध्याकाळी बाहेर गोळ्यांचे आवाज येतात. जर्मनांना सामील झालेला एक डच पोलीस मारला गेलेला असतो, शेजाऱ्यांच्या दारासमोर. बारा वर्षांचा आंटोन आणि त्याच्या घरचे खिडकीतून बघत असतात. तेवढ्यात शेजारी बाहेर येतात, ते प्रेत उचलतात आणि आंटोनच्या दारासमोर आणून ठेवतात.

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. घर जाळलं गेलं. आंटोन एकटा उरला. तो मोठा होतो, डॉक्टर होतो, तोही भूल देणारा. लग्न होतं, मुलं होतात. त्याला काही शोधायचं नसतं. पण १९५२ मध्ये, १९५६ मध्ये, १९६६ मध्ये, १९८१ मध्ये त्या संध्याकाळचा एकेक तुकडा कोणीतरी त्याच्या हातात आणून देतं. प्रश्न एकच: प्रेत आमच्याच दारात का आणून ठेवलं? दुसऱ्या बाजूलाही एक घर होतं की.

काकांनी हे पुस्तक तीन दिवसांत संपवलं. परत द्यायला आले तेव्हा चहा निवेपर्यंत काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये सांगली, सातारा, कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं जाळली गेली, त्यात त्यांच्या आजोळचं घर होतं. काकांचा जन्म नंतरचा. "आग लावणारे बाहेरगावचे होते, ते आजीला माहीत होतं," काका म्हणाले. "त्यांच्याबद्दल ती कधी बोललीसुद्धा नाही. पण त्यांना आमचं घर दाखवलं कोणी? बोळात चार घरं होती. आजी त्यानंतर तीस वर्षं त्याच बोळात राहिली. चौघींकडे हळदीकुंकवाला जायची."

मी त्यांना म्हटलं, व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' वाचली आहे का? त्याच दिवसांवरची ती छोटी कादंबरी. ते म्हणाले, घरात होती, पण कोणी उघडत नसे. ज्यांच्या घरात ती तशीच पडून असेल त्यांनी 'दे आनस्लाख'च्या जोडीने वाचावी. त्यात कोणताही रहस्यभेद नाही. पण रस्त्यातल्या प्रत्येक माणसाकडे 'हा कुठल्या बाजूचा' या नजरेने बघावं लागतं, तो ताण मी दुसऱ्या कुठल्या मराठी पुस्तकात इतका अनुभवलेला नाही.

आता ज्या पुस्तकावरून आमच्या वाचनाच्या बैठकीत भांडण झालं त्याकडे येते. हेर्मान कॉख यांचं 'हेट डिने', म्हणजे 'जेवण', २००९ चं. इंग्रजीत 'द डिनर'. दोन भाऊ आणि त्यांच्या बायका एका महागड्या हॉटेलात जेवायला जमतात. पुस्तकाचे भागही जेवणातल्या पदार्थांच्या क्रमाने. थोरला भाऊ देशाचा पंतप्रधान व्हायच्या वाटेवर आहे, धाकटा गोष्ट सांगतो आहे. हा धाकटा आधी इतिहासाचा शिक्षक होता, म्हणजे माझ्यासारखाच माजी. वेटर प्रत्येक पदार्थाजवळ करंगळी नेऊन हे कुठल्या गावचं चीज, ते कुठल्या डोंगरावरचं ऑलिव्ह, हे सांगत असतो. पहिली पन्नास पानं मी हसत होते. मग हळूहळू हसू थांबतं. ही चौघं जमली आहेत ती मुलांबद्दल बोलायला. दोघांच्याही पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी मिळून काहीतरी भयंकर केलं आहे. त्याचं चित्रण टीव्हीवर दाखवलं गेलं आहे. चेहरे ओळखू येत नाहीत, पोलिसांना काही माहीत नाही. पण आईबापांना आपली मुलं ओळखायला चेहरा कुठे लागतो?

सांगायचं, की गप्प बसायचं? एवढ्यावर ही कादंबरी चालते, आणि बिल येईपर्यंत आपल्याला बसायला लावते. कोणाच्या तोंडून आपण ही गोष्ट ऐकतोय, हेही मधेच कधीतरी खटकायला लागतं. तिथून मी पाठीमागची पानं पुन्हा चाळायला लागले.

बैठकीत आम्ही नऊ जण होतो. एकीने सुरुवातीलाच सांगितलं, "आपली मुलं असं करणारच नाहीत, त्यामुळे मला हे पुस्तक लांबचं वाटलं." दुसरी म्हणाली, "इथल्या पालकांचे लाड, दुसरं काय." एका नवरोबांचं मत पडलं, की पंधरा वर्षांच्या मुलाचं आयुष्य एका चुकीपायी उद्ध्वस्त करणं हेही पाप आहे, आणि कोणताही बाप गप्पच बसेल. त्यावर त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे असं काही बघितलं, की बाकीच्यांनी चटणीची वाटी पुढे सरकवली. मी त्या दिवशी फारसं बोलले नाही. कारण सांगते.

गेल्या हिवाळ्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या वर्गातल्या एका मुलाचा चष्मा हरवला. त्याच्या आईने वर्गाच्या व्हॉट्सॅप गटावर विचारलं, कोणी पाहिला का? त्या रात्री पांघरुणात तोंड घालून माझ्या मुलाने मला सांगितलं, की खेळताना त्याने ढकललं, चष्मा पडला, मोडला, आणि भीतीने त्याने तो कुंपणाच्या झुडपात टाकला. कोणी पाहिलं नव्हतं. तो झोपल्यावर मी आणि माझा नवरा साडेअकरापर्यंत स्वयंपाकघरात बसलो. त्याने आपल्याला विश्वासाने सांगितलंय, आता आपणच सांगितलं तर पुन्हा तो काही सांगेल का? वर्गात तो एकटाच भारतीय आहे, एकदा नाव पडलं की पडलं. चष्म्याचा विमा असतोच. मुद्दाम थोडंच केलंय. शिवाय दुसरा मुलगाही काही कमी दांडगट नाही.

सकाळी आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. तो भाग सोपा होता, दहा मिनिटांत संपला, त्या बाईंनी कॉफीही दिली. पण महिनाभराने 'हेट डिने' वाचताना मला त्या जेवणाच्या टेबलावर आमचीच कारणं ऐकू यायला लागली. जवळजवळ त्याच क्रमाने. गुन्हा किती मोठा, एवढाच काय तो फरक. हे मी बैठकीत सांगायला हवं होतं. 'आपली मुलं करणारच नाहीत' म्हणणाऱ्या मैत्रिणीला तेव्हा सांगितलं नाही, ते इथे सांगते आहे. ती हे वाचेल, आणि फोन करेल.

डच शिकणाऱ्यांसाठी एक छोटं पुस्तक. टिम क्राबे यांचं 'हेट खाउडन आय', 'सोन्याचं अंडं', १९८४ चं. जेमतेम शंभर पानं, भाषा सोपी, वाक्यं लहान. बी वन परीक्षेची तयारी चालू असेल तर शब्दकोश शेजारी ठेवून जमेल. एक तरुण जोडपं सुट्टीत गाडीने फ्रान्सला चाललं आहे. पेट्रोल पंपावर थांबतात. ती थंड पेय आणायला आत जाते आणि परत येत नाही. बस. दर जुलैत आपणही गाडी भरून, मागच्या सीटवर चिवड्याचे डबे ठेवून त्याच रस्त्यांनी निघतो, त्यामुळे पुढच्या सुट्टीत तुम्ही पंपावर बायकोकडे वळून वळून बघाल. इथेही हे कोणी केलं ते मध्यावरच कळतं. शेवटची दहा पानं मात्र झोपायच्या आधी वाचू नका. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

या निमित्ताने एक शब्द. इथल्या वाचनालयात अशा पुस्तकांच्या पाठीवर 'स्पानंड' अशी चिठ्ठी असते. मूळ अर्थ ताणलेलं. विजेच्या दाबाचा शब्दही त्याच मुळातला. पण डच लोक मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवसाला, परीक्षेच्या निकालाला, ऑपरेशनच्या आदल्या रात्रीलाही 'स्पानंड' म्हणतात. माझा मुलगा पहिल्यांदा इथल्या शाळेत गेला तेव्हा बाई त्याच्यापुढे वाकून हाच शब्द म्हणाल्या होत्या, आणि मला वाटलं होतं काहीतरी बिघडलंय. आपल्याकडे 'उत्कंठा' आहे. कंठ वर केलेली, मान उंचावून बघणारी. ताणलेली तार आणि उंचावलेली मान. मला आपला शब्द अधिक आवडतो, पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री तो चालत नाही.

आपल्याकडचं एक पुस्तक पटकन सांगून टाकते, कारण ते वाचायला एक संध्याकाळ पुरते. विवेक शानभाग यांची कन्नड कादंबरी 'घाचर घोचर'. इंग्रजी अनुवाद उत्तम आहे. मसाल्याच्या धंद्यातून एकाएकी पैसा आलेलं बंगळूरचं कुटुंब, घरातल्या मुंग्या, नवी सून. रक्ताचा एक थेंब दिसत नाही. कॉफी हाउसमधल्या वेटरचं नाव व्हिन्सेंट आहे, हे न्यूनेनकरांनी खास नोंदवावं! 'घाचर घोचर' हा त्या सुनेच्या माहेरचा घरगुती शब्द, न सुटणाऱ्या गुंत्यासाठी. शेवटच्या पानावर मी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं आणि शेवटचं पान परत वाचलं. मग नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला, सकाळी बोलू.

मराठीत काय, असं काका विचारतीलच. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) रहस्यकथेच्या कपाटात कोणी ठेवणार नाही. पण पुण्यातल्या एका घरात एक भाडेकरू येतो, घरातला मुलगा त्याच्या प्रेमात पडतो, मुलगीही पडते, आणि एक दिवस तो नाहीसा होतो. तो कोण होता, कुठून आला, कुठे गेला? त्याचं नावसुद्धा आपल्याला कळत नाही. आधी भाऊ सांगतो, मग बहीण, आणि दोघांचा माणूस वेगळाच निघतो. अनंत सामंत यांची 'एम टी आयवा मारू' जुनी, पण तिच्याइतकी धाप लावणारी मराठी कादंबरी विरळा. एक मोडकळीला आलेलं जहाज, चारी बाजूंना समुद्र, मोजकी माणसं आणि त्यांत एक स्त्री. भाषा खलाशांची आहे, पोरांच्या हाती लागू देऊ नका. मी ती वाचल्यावर रॉटरडॅमच्या बंदरात उभ्या जहाजांकडे बघायची माझी नजरच बदलली.

आणि हृषीकेश गुप्ते यांची 'दंशकाल'. गुप्ते आधी भयकथा लिहायचे, त्यामुळे धारपांच्या वाचकांना ते ओळखीचे असतील. इथे कोकणातलं गाव आहे, मोठं घर आहे, आणि भीती त्या घरातल्या माणसांची आहे. मला ती काही ठिकाणी लांबलेली वाटली, काही प्रसंग मी पानं झाकून वाचले, पण सोडवेना. गावाकडच्या मोठ्या घरांची आपण इथे बसून जी गोड आठवण काढत असतो, ती ही कादंबरी वाचल्यावर आठवडाभर तरी तितकीशी गोड लागत नाही.

मुलांसाठी वेगळं सदर करायचं संपादकांनी कबूल केलं आहे, म्हणून 'फास्टर फेणे'बद्दल आत्ता लिहीत नाही. फक्त आजोबा मंडळींसाठी एक नाव: रॉबर्ट फान खुलिक. हा डच वकिलातीतला माणूस. विद्यार्थीदशेतच त्याने कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीया'चा डचमध्ये अनुवाद केला होता, पुढे काही काळ दिल्लीतही होता, आणि त्याने प्राचीन चीनमधल्या न्यायाधीश डी याच्या रहस्यकथा लिहिल्या. यांत चोर शेवटीच सापडतो, अगदी जुन्या रीतीने. नव्वद दिवसांच्या व्हिसाला पुरतील इतक्या आहेत.

काका ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सांगलीला परतले. तेवीस किलोंच्या बॅगेत चॉकलेटं काढून त्यांनी तीन पुस्तकं घातली. सूनबाई रागावल्या आहेत.

वर सांगितलेली सगळी पुस्तकं माझ्याकडे आहेत, डच आणि इंग्रजी पुस्तकं वाचनालयातही मिळतील. हवी त्याने येऊन न्यावीत, फक्त येण्याआधी फोन करा. 'दंशकाल' मात्र आत्ता देता येणार नाही. माझी प्रत गणपतीपासून घरात नाही. कोणी नेली ते मला माहीत आहे. कुठे आहे आणि कधी परत येणार, एवढंच कळायचं बाकी आहे.